पाच भोकं, एक वाटी

लग्न होऊन सेलूला आले त्या पहिल्याच दिवशी माझ्या सासऱ्यांनी माझी बोटं भाजली. रागानं नाही, प्रेमानं. नव्या सुनेची पंगत बसली होती. दोन पुरणपोळ्या खाऊन माझं पोट तट्ट फुगलं होतं, तेवढ्यात तिसरी पानात पडली आणि तिच्यामागून तुपाचं भांडं घेऊन सासरे आले. मी हात आडवा केला. माझं माहेर कारंज्याचं. हायवेवरचं गाव, माणसं ढाब्यावर बसतात, खातात आणि ट्रकमध्ये चढतात. तिथे पानावर हात आडवा केला की विषय संपतो. इथे तो सुरू झाला. कढत तूप माझ्या बोटांवरून पोळीवर उतरलं आणि सगळी पंगत हसली.

"हात नाई म्हन्ते बाई," सासरे म्हणाले, "पोट थोडीच नाई म्हन्ते?"

या माणसाशी आपलं जमायचं नाही, असं मी तिथेच ठरवून टाकलं. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे त्यांना मामाजी म्हणायचं आणि सासूबाईंना आत्याबाई. मी दोन्ही म्हणत होते, पण मामाजी म्हणताना दात जरा आवळले जायचे.

मामाजींचं बाजाराच्या रस्त्यावर किराणा दुकान होतं आणि गावालगत थोडं वावर. पण सेलूत त्यांची ओळख दुकानामुळे नव्हती. लग्न असो, साक्षगंध म्हणजे साखरपुडा असो, तेरवी असो, पंगतीत आग्रह करायला मामाजी हवेतच. त्यांची एक खास युक्ती होती. पाहुण्यानं पानावर हात धरला की ते बुंदीचा डाव तसाच अधांतरी धरून त्याच्या म्हाताऱ्या आईची चौकशी करायचे. पाहुणा उत्तर द्यायला हात उचलायचा आणि बुंदी पानात. सगळ्यांचं झालं की शेवटच्या पंगतीत स्वतः बसायचे आणि आठ पोळ्या रिचवायचे. कुणी उपाशी उठला तर तो यजमानाचा अपमान, आणि कुणी आग्रह मोडला तर तो वाढणाऱ्याचा, असा त्यांचा साधा हिशेब होता. मला तो मुळीच पटत नव्हता, पण घरात नवीन असल्यामुळे मी गप्प बसायचे. तेव्हा मला गप्प बसता येत होतं.

लग्नाला सहा-सात वर्षं झाली असतील. घरात नुकताच पहिला मोबाईल आला होता आणि तो दुकानातल्या देवाच्या फोटोशेजारी ठेवलेला असायचा. त्या उन्हाळ्यात माझ्या पोळ्या उरायला लागल्या. कणीक रोज मीच भिजवायची, त्यामुळे कुणाचं पोट कुठे थांबतं हे मला डॉक्टरपेक्षा आधी कळायचं. आठाच्या सहा झाल्या, सहाच्या चार. मामाजी दुकानासमोरच्या गाडीवरचा गोळी सोडा दिवसातून तीनदा पिऊन ढेकर द्यायचे आणि म्हणायचे, "पित्त हाये." चेहरा पांढुरका दिसायला लागला होता. मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, उन्हाळा आहे. मी आत्याबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, वय झालं. शेवटी मी मामाजींनाच सांगितलं.

"मामाजी, तुमी चार पोळ्यांवर काऊन आले?"

"तुह्या पोळ्या मोठ्या झाल्या," ते म्हणाले.

पोळ्या तेवढ्याच होत्या. मी हट्टाला पेटले आणि त्यांना वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायलाच लावलं. तिथे तोंडातून नळी घालून पोट आतून पाहिलं, चिमटीएवढा तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. आठवड्यानं बोलावून डॉक्टरांनी सांगितलं ते ऐकून माझा नवरा खुर्चीच्या हाताला धरून बसला. जठराचा कॅन्सर होता. लवकर सापडला होता, काढून टाकता येण्यासारखा होता, पण काढायलाच हवा होता.

"ऑपरेशन नाई," मामाजी म्हणाले आणि उठले.

त्याला कारण होतं. आमच्या लग्नाच्या काही वर्षं आधी, नव्वदच्या दशकात, त्यांच्या थोरल्या भावाला हेच दुखणं झालं होतं. त्यांचं पोट छातीपासून बेंबीखालपर्यंत उघडलं होतं. आत फार पसरलेलं दिसलं म्हणून तसंच शिवलं. महिनाभर त्यांना कूस बदलता येत नव्हती, खोकला आला की टाके धरून रडायचे, आणि पाऊसकाळ संपायच्या आत गेले. तेव्हापासून अख्ख्या घराचं ठाम मत होतं की पोट उघडलं की आतल्या दुखण्याला हवा लागते आणि ते भराभर पसरतं. भाऊ कॅन्सरनं गेला असं कुणी म्हणतच नसे. हवा लागली म्हणून गेला, असंच म्हणायचे.

डॉक्टर तरुण होते, नुकतेच बाहेरून दुर्बिणीची ऑपरेशनं शिकून आले होते. त्यांनी मामाजींना हाताला धरून परत बसवलं आणि कागदावर एक ढेरपोट माणूस काढला.

"पोट उघडायचं नाही," ते म्हणाले. "पाच भोकं पाडायची. बेंबीपाशी एक, त्यातून कॅमेरा जाईल, आम्ही टीव्हीवर बघू. बाकीच्या चारांतून लांब दांड्यांची हत्यारं. जागा व्हावी म्हणून आधी पोटात थोडी हवा भरतो..."

"हवा," मामाजी म्हणाले. "बस झालं. चाल बाई."

डॉक्टर हसले नाहीत, हे मला आवडलं. त्यांनी सांगितलं, की हवेनं कॅन्सर पसरत नाही, उशिरानं पसरतो. थोरल्या भावाचा आधीच पसरलेला होता. उघडल्यावर तो फक्त दिसला. आणि आम्ही भरतो ती नुसती हवाही नाही, सोड्याच्या बाटलीत फसफसतो तोच वायू.

मामाजी विचारात पडले. "गोळी सोड्यातला?"

"तोच."

"तो तं माह्या पोटात रोजच राह्यते," ते म्हणाले आणि पुन्हा नीट बसले.

मग डॉक्टरांनी उरलेलं सांगितलं. जठराच्या रक्तवाहिन्या एकेक करून बंद करायच्या. आजूबाजूच्या गाठीही काढायच्या, कारण आजार आधी तिथे जाऊन लपतो. कागदाला टाचण्या मारायच्या यंत्रासारखंच, पण लांब दांड्याचं यंत्र असतं, ते एकाच वेळी कापतं आणि शिवतं. कापलेला भाग आतच पिशवीत घालायचा, बेंबीपाशी चार बोटं रुंदीची चीर देऊन ती पिशवी ओढून काढायची आणि उरलेलं जठर आतड्याला जोडायचं. सगळ्यांना हे असं करता येत नाही, लवकर सापडलं म्हणून करता येतं. आणि मधेच अडचण आली, तर पोट उघडावं लागेल, त्यालाही सही द्यावी लागेल.

"एक ध्यानात ठेवा," त्यांनी शेवटी बजावलं. "भोकं लहान आहेत. ऑपरेशन मोठंच आहे."

मामाजींनी एकच प्रश्न विचारला. जगेन का, असं नाही विचारलं. "मंग मले पंगतीत बसता येईन ना?"

"बसता येईल. पण पहिल्यासारखं जेवता येणार नाही."

मामाजींनी यातलं पहिलं वाक्य ऐकलं आणि सही केली.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर सकाळपासून बसलो होतो. दुपारी जेवणाच्या सुमाराला सिस्टर दारात आली आणि म्हणाली, "नातेवाईक कोण? काढलेला भाग बघायला या." ही दवाखान्यातली रीत. जे काढलं ते घरच्यांना दाखवायचं, म्हणजे नंतर शंका नको. नवरा उठला, दारापर्यंत गेला, हिरव्या कपड्यातल्या डॉक्टरांना बघून पांढरा पडला आणि भिंतीला टेकून खाली बसला. आत्याबाईंनी डोळ्यांवर पदर घेतला. राहिले मी.

स्टीलच्या ट्रेमध्ये ते ठेवलं होतं. मला वाटलं होतं, सुपारीएवढी काहीतरी गाठ असेल. ती पिशवी होती, चांगली थोरली, ओल्या कापडासारखी पसरलेली. डॉक्टरांनी चिमट्यानं उलगडून आतली जखम दाखवली. अंगठ्याच्या नखाएवढी होती. तेवढ्यासाठी एवढं काढलं, कारण तिच्या भोवतालचं चांगलं कातडंही भरपूर धरून कापावं लागतं. हे एवढ्याशा चिरेतून बाहेर आलं कसं, तेच मला कळेना.

"आत किती राहिलं?" मी विचारलं.

"साधारण एक तृतीयांश. सुरुवातीला एका वेळेला एक वाटी, असं धरून चाला. दिवसातून सहा वेळा. गोड कमी, जेवताना पाणी नाही, आणि आग्रह बिलकुल नाही." आग्रह हा शब्द त्यांनी सहज म्हटला होता. आमच्या घरात तो कुणाबद्दल म्हटला जातोय, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मी बाहेर आले. "पाह्यलं?" आत्याबाईंनी विचारलं. मी म्हटलं, पाहिलं. किती होतं ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्या वेळी ते दयेचं वाटलं. नंतर कळलं की ती माझी चूक होती.

दुसऱ्या दिवशी मामाजी पलंगावरून उतरून खिडकीपर्यंत चालले. थोरल्या दिराचे हाल पाहिलेल्या आत्याबाई ते बघून रडल्याच. आठ-नऊ दिवसांत आम्ही सेलूला परतलो, आणि पाहुणे सुरू झाले.

आमच्याकडे दुखणं टाक्यांनी मोजतात. आलेला माणूस बसायच्या आधी विचारतो, "टाके किती?" वीस म्हटलं की मान डोलावतो, तीस म्हटलं की कपाळाला हात लावतो. मामाजी मोठ्या ऐटीत बंडीची बटणं सोडायचे. चार ठिकाणी बोटाच्या पेराएवढ्या खुणा आणि बेंबीपाशी एक छोटीशी चीर.

"इतलंसंच?" पाहुणे जरा निराश व्हायचे. "मंग मामुली होतं मन्ता."

"मामुलीच," मामाजी म्हणायचे. "टीव्हीवर पाहून काहाडलं. काटा काहाडते तसं."

मी आतून ओरडायचे, मामुली नव्हतं, पोट काढलंय. पाहुणे समजूतदारपणे हसायचे. ज्या पोटावर बोटभर खुणा आहेत त्यातून पोट कसं निघेल? नवऱ्यालाही मनातून तसंच वाटत होतं. आणि मग डिंकाचे लाडू यायचे, शिऱ्याचे डबे यायचे, ताकद भरून यायला पाहिजे म्हणून. मी लाडू लपवत होते आणि मामाजी ते शोधत होते. सहा वाट्यांचं वेळापत्रक मी स्वयंपाकघराच्या दारावर खडूनं लिहिलं होतं. ते वाचून मामाजी म्हणाले, "चिमणीले घालून राह्यली का दाणे?" मला इतका राग आला की त्या दिवशी मी वाटी आपटूनच ठेवली.

तीनेक महिन्यांनी शेजारी साक्षगंध होतं. मामाजी धुवट सदरा घालून आग्रहाला गेले. बायकांच्या पंगतीतून मला ते दिसत होते, बुंदीचा डाव अधांतरी, कुणाच्यातरी आईची चौकशी चालू. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग यजमानानं त्यांचा हात धरून त्यांना पानावर बसवलं. आता आग्रह करायची पाळी दुसऱ्यांची होती आणि मामाजींनी आयुष्यात कुणाचा आग्रह मोडलेला नव्हता. पोळ्या, वांग्याची भाजी, बुंदी, वर पुन्हा बुंदी, भात, कढी. मी पानावरून अर्धवट उठले, तर शेजारची बाई माझा पदर ओढून म्हणाली, "बस ना वं, ऑपरेशन झालं ना आता."

अर्ध्या तासात मामाजी घामानं थबथबले. छाती धडधडायला लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली, मांडवामागे तांदळाच्या पोत्यांवर त्यांना आडवं केलं. हार्ट अटॅक, हार्ट अटॅक, अशी बोंब झाली. जीपमध्ये घालून आम्ही त्यांना वर्ध्याला नेलं. वाटेत मी त्यांचा हात धरला होता. तो गार पडला होता आणि मी मनात त्यांना शिव्या घालत होते, रडत होते, दोन्ही एकदमच.

हृदय ठणठणीत निघालं. त्याच डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "काय खाल्लं?"

"जरासंच," मामाजी पुटपुटले.

मी यादी सांगितली. डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी समजावलं, की आधी जठर अन्न धरून ठेवायचं आणि थोडंथोडं खाली सोडायचं. आता ते कोठारच राहिलं नाही. एकदम खाल्लं, त्यातून गोड खाल्लं, की सगळा लोंढा आतड्यात कोसळतो आणि शरीर घाबरतं. जिवाला धोका नाही, पण असं वारंवार केलंत तर अंगाला काही लागणार नाही.

परत येताना जीपमध्ये मामाजी बराच वेळ बाहेरचं कपाशीचं वावर बघत होते. मग त्यांनी विचारलं, "बाई, त्या ट्रेमंदी किती होतं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सगळ्या गावाला सांगत ओरडत होते मी, पण ज्याचं पोट त्याला समोर बसवून सांगितलं नव्हतं. त्यांना खरोखरच वाटत होतं की पाच भोकांतून एक काटा निघाला. मी जीपमधला पाण्याचा तांब्या उचलला. "मामाजी, हे तुमचं पहिलं पोट धरा." मग हाताची ओंजळ केली, आणखी आवळली, वाटीएवढी केली. "आन् हे आताचं."

त्यांनी माझ्या ओंजळीकडे पाहिलं. "मंग मी पंगतीत कसा बसू?" ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता.

त्यानंतर मामाजी पंगतीला जायचे बंद झाले. आमंत्रण आलं की दुकानात काम काढायचे. सहाही वाट्या वेळेवर, मुकाट्यानं खायचे. वजन भरू लागलं, तपासण्या चांगल्या आल्या, चेहऱ्यावर रंग आला. मला जे हवं होतं ते सगळं झालं आणि घर मात्र सुनं वाटायला लागलं. मी पोळी वाढून घेताना त्यांनी "तूप घे वं" म्हटलं नाही की मलाच चुकल्यासारखं व्हायचं. एकदा तर मी मुद्दाम त्यांच्यासमोर कोरडी पोळी खायला बसले. त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

आत्याबाईंनी ऑपरेशनच्या वेळी गिरडच्या दर्ग्याला रोडग्यांचा नवस बोलला होता. वर्ष होत आलं तेव्हा तो फेडायचा ठरला. नवस ज्याच्यासाठी, त्याला घरी कसं ठेवणार? मामाजी आले. टेकडीवर दर्शन झालं आणि खाली झाडाखाली आमची चूल मांडली गेली. रोडगे, म्हणजे कणकेचे थरांचे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजत टाकले, मोठ्या गंजात वांग्याची भाजी. सोयरे, शेजारी, साक्षगंधाचा तो यजमानसुद्धा आला होता, जरा ओशाळून. मामाजी सकाळपासून एका दगडावर लांब बसून होते.

पत्रावळी मांडल्या आणि माणसं बसली. तुपाचं भांडं घेऊन कुणी उभं राहीना. नवरा घेणार होता, तर मी त्याला डोळ्यांनी थांबवलं. मी भांडं उचललं आणि जाऊन मामाजींसमोर धरलं.

"मले नाई जमत आता," ते म्हणाले.

"खायचं नाई, मामाजी. वाढायचं हाये. तुमची वाटी मी झाकून ठेवली, वेळ झाली का देतो."

ते उठले. भांडं घेतलं. पहिल्या दोन-तीन पानांवर तूप जरा बेतानंच पडलं, पण पुढे आवाज चढला. कुणाच्या सोयाबीनची चौकशी, कुणाच्या नातवाची, रोडगा कुस्करा ना, हात काऊन आखडून राह्यले. साक्षगंधाच्या यजमानानं घाईघाईनं हात आडवा केला. मामाजी थांबले, त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि त्याच्या आईबद्दल काहीही न विचारता पुढे गेले. माझ्याशिवाय ते कुणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

मग वेळ झाली. मी वाटी दिली, पाव रोडगा आणि थोडी भाजी. पंगतीच्या टोकाला बसून त्यांनी ती सावकाश चावून खाल्ली. साक्षगंधाचा तो यजमान भाजीचा डाव घेऊन आला, अगदी सवयीनं. मामाजींनी वाटीवर हात आडवा केला. पंगतीत त्यांना असं करताना कुणीच कधी पाहिलेलं नव्हतं. "भरलं," मामाजी म्हणाले. यजमानानं डाव मागे घेतला आणि लोक पुन्हा जेवायला लागले.

बायकांची पंगत शेवटी बसली. मी दोन रोडगे खाल्ले होते, वर भाजी, आणि आता खरंच श्वास घ्यायला जागा नव्हती. मामाजी तुपाचं भांडं घेऊन ओळीतून येताना दिसले आणि माझा हात आपोआप आडवा झाला. बोटं मी जराशी आखडूनच घेतली. ती पहिल्या दिवसाची आठवण बोटांना होती.

मामाजी समोर थांबले. भांडं तिरपं झालं नाही. ते खाली वाकले आणि त्यांनी विचारलं, "भरलं का पोट, बाई?"

इतक्या वर्षांत त्या घरात मला हे कुणी विचारलं नव्हतं. ते उभेच होते, उत्तराची वाट बघत. माझ्या हाताकडे नाही, तोंडाकडे बघत होते.

मी हात काढून घेतला. "थोडंसं वाढा, मामाजी," मी म्हटलं.

त्यांनी अर्धा चमचा वाढला, आणि पुढच्या पानाकडे गेले.